नीना, कमलताई आणि हिरव्या बांगड्या

मैत्रिणींनो, आत्ताच दुर्गच्या बाजारातून आले. चूल पेटवायच्या आधी तुम्हाला हे सांगते.

इथल्या पोलाद कारखान्याचं बांधकाम सुरू झाल्यापासून आपल्या सेक्टरात रशियन लोक राहतात. त्यातली नर्स नीना आमची मैत्रीण झाली. आज सुट्टी, म्हणून ती, शेजारची कमलताई आणि मी आरामात बाजार फिरलो. फुटाणे खाल्ले, नीनाने गमछे घेतले. मग तिला हिरव्या बांगड्या दिसल्या.

बांगडीवाली आपल्या भंडाऱ्याकडचीच. तिने नीनाचा हात धरून मला विचारलं, "बाईचे मालक काय करतेत?"

मी नीनाला हिंदीत विचारलं; कामापुरतं हिंदी तिला येतं. ती शांतपणे म्हणाली, "लड़ाई में मर गया."

बांगडीवालीने हात सोडला. नीना गोंधळून आमच्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात कमलताई पुढे सरकली. तिचा नवरा तापाने गेला, तेव्हापासून तिने बांगडी घातली नव्हती.

"कावून थांबली वो? भर तिले," ती म्हणाली. "अन् मंग मले बी भर."

बांगडीवालीने दोघींकडे पाहिलं आणि दोघींना बांगड्या भरल्या.

परतताना कमलताईने हात पदराखाली घेतले होते. क्वार्टर जवळ आलं, तसे तिने ते बाहेर काढले.

उद्या नळावर बाया बोलतीलच. मी तिच्या बाजूला उभी राहणार आहे. तुम्ही राहाल ना?