डाव्या सीटवरचा माणूस

कंपनीत जेवायच्या तीन जागा होत्या. कोण कुठे जेवणार हे भुकेवर नाही, ग्रेडवर ठरायचं. तळमजल्यावर कामगारांचं कॅन्टीन, तिथे लांब बाकं. पहिल्या मजल्यावर स्टाफचं कॅन्टीन. पदार्थ तेच, ग्रेव्हीही तीच, पण बसायला पाठ असलेल्या खुर्च्या. दुसऱ्या मजल्यावर सीनियर डायनिंग रूम, म्हणजे पांढरे टेबलक्लॉथ, वाढायला बाई आणि ग्रेव्ही वेगळ्या भांड्यात. कंपनी ब्रिटिश संरक्षण खात्यासाठी दूरवर जाऊन फुटणाऱ्या वस्तू बनवायची. तिथल्या तीन हजार माणसांना कंपनीबद्दल काय वाटतं असं कुणी विचारलं असतं, तर उत्तर ग्रेव्हीपासून सुरू होऊन पार्किंगपाशी संपलं असतं. मध्ये कुठेतरी पेन्शन आलं असतं. फुटण्याचा विषय निघत नसे. तो कुणाच्याच डिपार्टमेंटमध्ये येत नव्हता.

चंद्रशेखर उपासनीचं डिपार्टमेंट हलवण्याचं होतं. वस्तू एका टेबलाला घट्ट आवळायची, टेबल तासन्‌तास थरथरवायचं आणि काय सैल होतं ते पाहायचं. त्याची बायको सुप्रभा ईलिंगजवळच्या एका हॉस्पिटलात म्हाताऱ्यांच्या वॉर्डवर डॉक्टर होती. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं, की मिस्टर काय करतात, तर ती म्हणायची, "वस्तू हलवतात. घरातल्या सोडून."

एझरा नवगावकर त्याला भेटला तो फायर ड्रिलमध्ये. तिन्ही मजल्यांची माणसं एका जागी उभी राहण्याचा तेवढाच एक प्रसंग असे. एकोणऐंशी सालच्या नोव्हेंबरात सगळे कार पार्कमध्ये पावसात उभे होते, आणि चंद्रशेखरच्या मागून कुणीतरी शुद्ध मराठीत पुटपुटलं, "खरी आग लागली असती तर निदान ऊब तरी मिळाली असती."

एझरा मुंबईचा, बेने इस्रायल ज्यू. पत्नी फ्लोरासह वेम्बलीला राहायचा, बसने यायचा आणि तळमजल्यावर इन्स्पेक्शनमध्ये होता. धातूच्या तुकड्याला पाडलेली भोकं बरोबर मापाची आणि गोल आहेत का, हे तपासून सही करायची, हे त्याचं काम. चंद्रशेखर मांस खात नव्हता. एझरा खायचा, पण कॅन्टीनमधलं नाही. दोघांकडे डबे होते. एझराला पहिल्या मजल्यावर परवानगी नव्हती. चंद्रशेखर तळमजल्यावर जेवायला बसला असता तर तिथल्यांना तो हेरगिरी करायला आलाय असं वाटलं असतं. राहिली चंद्रशेखरची बदामी ऑस्टिन.

तेव्हापासून दुपारचं जेवण गाडीत. चंद्रशेखर उजवीकडे, स्टिअरिंगमागे. एझरा डावीकडे. समोर काच, काचेपलीकडे तारेचं कुंपण. फ्लोरा आठवड्याच्या दिवसांत मुद्दाम भाजीच द्यायची, म्हणजे वाटून खाता येईल. सुप्रभाची ड्यूटी असली की चंद्रशेखरकडे चीज सँडविच असे, आत लसणीची चटणी.

"हे काय आहे?" एझराने पहिल्यांदा विचारलं होतं.

"सँडविच."

"डॉक्टरीण बाईंना सांग, पेशंट वाचणार नाही."

ब्याऐंशीच्या वसंतात दूर दक्षिणेकडच्या बेटांवरून लढाई लागली आणि एका संध्याकाळी टीव्हीवर शत्रूचं एक जहाज जळताना दिसलं. जाळणारी वस्तू आपल्याकडचीच होती हे सगळ्यांना कळलं आणि कुणीच कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी गाडीत डबे उघडले.

"भोकं गोल होती म्हणायची," एझरा म्हणाला.

"सैलही काही झालं नाही," चंद्रशेखर म्हणाला.

पुन्हा तो विषय निघाला नाही. पुढच्या वर्षापासून दर गुरुवारी गेटबाहेर दोन-चार सोबत्यांसह एक बाई हातात पाटी घेऊन उभी राहू लागली. 'तुम्ही काय बनवता?' एवढंच पाटीवर होतं. तिचं नाव जोन आहे असं कळलं. माणसं गाडीच्या काचा वर करून आत जात. जेवताना या दोघांच्या काचा आधीच वर असत, मराठी बाहेर जाऊ नये म्हणून.

शहाऐंशीत चंद्रशेखरला बढती मिळाली आणि बढतीबरोबर दुसरा मजला. टेस्ट डिपार्टमेंटचे प्रमुख व्हिटेकरसाहेब दोन वर्षांत रिटायर होणार होते. त्यांची खुर्ची त्या टेबलावर बसणाऱ्यांपैकीच कुणाला तरी मिळणार, हे लिहिलेलं कुठेच नव्हतं आणि माहीत सगळ्यांना होतं. चंद्रशेखरला ती खुर्ची हवी होती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण सुप्रभाला न सांगता कळत असे.

"जा की वर," ती म्हणाली. "मी चौदा वर्षं कॉरिडॉरमध्ये उभ्याने खातेय. घरातल्या एकाला तरी टेबलक्लॉथ मिळू दे."

गाडीत एझराच म्हणाला, "वाढायला बाई असते म्हणे."

"असं ऐकतो."

"मग जा बामणा. इथे रोज पँटवर चटणी सांडतोस."

"तू?"

"माझं काय? खाली बाकं आहेत."

चंद्रशेखरने खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवली. एझराने ती उचलली, आभार मानले नाहीत, आणि लोणच्याची बाटली पुढे केली.

दुसऱ्या मजल्यावर कामाबद्दल बोलायचं नाही असा नियम होता. वाढणारी बाई सिक्युरिटी क्लिअर्ड नव्हती. त्यामुळे देशाच्या संरक्षणाचा भार वाहणारी वीस-बावीस माणसं गुलाब, गाडीमागे ओढायच्या कॅराव्हॅन आणि स्पेनमधल्या घरांवर बोलत. चंद्रशेखरने बोलायला विषय हवा म्हणून अंगणात एक गुलाब लावला. त्याला कीड पडली. त्यावर दोन आठवडे निघाले. व्हिटेकरसाहेब म्हणाले, छान मिसळताय तुम्ही.

त्याची जागा खिडकीजवळ होती. खाली कार पार्क दिसायचा, त्यात बदामी ऑस्टिन, आणि ऑस्टिनमध्ये एझरा. डाव्या सीटवर. अख्खी गाडी मोकळी असून तो स्टिअरिंगमागे कधी बसला नाही. रिकाम्या सीटच्या शेजारी बसून कुंपणाकडे बघत जेवायचा आणि मधूनच मान उजवीकडे वळवायचा. सवय असावी.

अशी पूर्ण एक थंडी गेली. मग मार्चमध्ये एका दुपारी सूप वाढलेलं असताना सिक्युरिटीचे मिस्टर पर्किन्स टोपी काखेत धरून वर आले.

"मिस्टर उपासनी, सर. तुमच्या गाडीत एक माणूस आहे."

टेबलावरचे चमचे थांबले.

"हो," चंद्रशेखर म्हणाला.

"तुम्हाला माहीत आहे?"

"किल्ली मीच दिलीय. तो इन्स्पेक्शनमध्ये आहे. जेवतोय."

"फ्रेंड ऑफ युअर्स?" व्हिटेकरसाहेबांनी विचारलं. स्वर साधाच होता, मीठ मागावं तसा.

"यस."

पर्किन्सला वाईट वाटत होतं, पण नियम पाठ होता. कंपनीच्या आवारात उभ्या गाडीत मालकाखेरीज कुणी बसायचं नाही. गाडी रिकामी करून किल्ली जमा करावी लागेल.

"मालक गाडीत असेल तर?"

पर्किन्सने विचार केला. "मालक हजर असेल तर सोबत कुणीही बसू शकतं, सर. पास असलेलं."

चंद्रशेखरने सूपकडे पाहिलं. लीकच्या पातीचं होतं, चांगलं होतं. त्याने मांडीवरचा रुमाल घडी घालून टेबलावर ठेवला आणि उठला.

"पुडिंगला येताय ना?" व्हिटेकरसाहेबांनी विचारलं.

"वाटत नाही," तो म्हणाला.

खाली एझराने त्याला येताना पाहिलं आणि काच खाली केली. "काय रे, जेवण संपलं?"

"तुला इथे एकट्याला बसता येत नाही. मालक हजर लागतो."

"मग?"

"मग हजर आहे," म्हणत चंद्रशेखर स्टिअरिंगमागे बसला.

एझराने चपातीचे दोन भाग केले. "भेंडी आहे," मग म्हणाला. "बाई नाही वाढायला."

व्हिटेकरसाहेबांची खुर्ची कॅराव्हॅनविषयी ठाम मतं असलेल्या एका गृहस्थांना मिळाली. चंद्रशेखरने घरी सांगितलं तेव्हा सुप्रभा बूट काढत होती. "गुलाबाला पाणी घालायचं आता थांबवलं तर चालेल का?" तिने विचारलं.

एक्याण्णवमध्ये कंपनीने सगळे समान असल्याचं जाहीर केलं. तिन्ही जेवणघरं बंद झाली आणि तळमजल्यावर सगळ्यांसाठी एकच निघालं. डायरेक्टरसाहेबांनी फीत कापली. चंद्रशेखर आणि एझरा उघड्यावर, राजरोसपणे, एका टेबलावर समोरासमोर बसले. बारा वर्षांची अडचण एका फितीने दूर झाली होती.

बोलणं होईना. एझराने फ्लोराचं गुडघ्याचं दुखणं सुरू केलं आणि मध्येच सोडलं. चंद्रशेखरने पावसाचं काढलं. इतकी वर्षं दोघं शेजारी बसून काचेकडे बघत बोलले होते. समोरून एझराचा चेहरा त्याने जेवताना कधी पाहिला नव्हता. एझरा डावीकडून चावतो हेही त्याला त्या दिवशी कळलं, आणि ते आपल्याला कळायला नको होतं असं वाटलं.

"हे काही जमत नाही," एझरा म्हणाला.

"नाही."

दोघं डबे उचलून गाडीत गेले.

समानता पुढच्या वर्षी आणखी पसरली. शीतयुद्ध संपलं होतं, मागणी घटली होती. तिन्ही मजल्यांवरून माणसं कमी केली, त्यात एझरा होता. शेवटच्या दिवशी त्याने किल्ली पुढे केली. "असू दे," चंद्रशेखर म्हणाला.

पास गेला, म्हणजे मालक हजर असूनही एझराला आत बसता येत नव्हतं. चंद्रशेखरने काही दिवस नव्या कॅन्टीनमध्ये जेवून पाहिलं. ग्रेव्ही तीच होती. मग एका गुरुवारी एझरा वेम्बलीहून नेहमीच्या बसने आला, आणि चंद्रशेखरने जेवणाच्या सुट्टीत गाडी गेटबाहेर काढून रस्त्याच्या कडेला लावली. उजवीकडे तो, डावीकडे एझरा. समोर तेच कुंपण, दुसऱ्या बाजूने.

जोन अजून उभी होती. तिचीही माणसं कमी झाली असावीत, एकटीच होती. तिने काचेवर टकटक केलं. एझराने काच खाली केली.

"तुम्ही आत काम करायचात ना?" तिने विचारलं. "तुम्हाला काय वाटायचं त्याबद्दल?"

"ग्रेव्ही पातळ असते," एझरा म्हणाला.

ती थांबून राहिली. नऊ वर्षं उभं राहायची सवय झालेली बाई, तिला घाई नव्हती. एझरा काचेतून समोर बघत राहिला.

"मी भोकं तपासायचो," मग तो म्हणाला. "गोल आहेत का. बाकीचा विचार करायचा नाही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच केला नाही."

चंद्रशेखरने हे इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. तिने आता आपल्याकडे बघू नये असं त्याला वाटलं. तिने बघितलं.

"मी अजून आहे तिथे," तो म्हणाला.

जोनने मान हलवली. पाऊस भुरभुरायला लागला होता. एझराने हात मागे घालून मागचं दार उघडलं. तिने पाटी कुंपणाला टेकवली आणि आत बसली. फ्लोराने वांगं दिलं होतं. तिघांनी समोर बघत ते खाल्लं.

सुट्टी संपत आल्यावर एझरा आणि जोन उतरले, तो बस स्टॉपकडे, ती पाटीकडे. चंद्रशेखरने रिकामा डबा डाव्या सीटवर ठेवला आणि गाडी गेटकडे वळवली. आत शिरताना पाटी वाचावी लागे. त्या दिवशी काच वर करायची तो विसरला.