पॉवरफुल टी

मी देवपूरला इंग्रजी शिकवते. त्यातही माझा खास विषय म्हणजे कुठल्या नामाशेजारी कुठलं विशेषण बसतं. पाऊस हेवी असतो, वारा स्ट्रॉंग, ताप हाय. वारा हेवी का नाही, हे विचारायचं नाही. इंग्रजांनाही ते सांगता येत नसावं. सोयरीक जुळवताना आमचे जाणते लोक "आपल्यात असं बसत नाही" म्हणून विषय संपवतात, तसंच हे. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना हा धडा चटकन समजतो.

माझी स्वतःची जोडी मात्र जमत नव्हती. आईचे उपास वाढत चालले होते. अशात जळगावचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात नोकरीला. तो आला तेव्हा अंगणात ऑफिसच्या फोनवर सफाईदार इंग्रजी बोलत होता. पोहे आणले तेव्हा उठून त्याने माझ्या हातातला ट्रे घेतला. मला तो आवडला. खरंच आवडला.

सोबत त्याचे मामा होते. सगळं येणारा एक मामा प्रत्येक घराण्याला दिलेलाच असतो. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "वा, पॉवरफुल टी."

मुलाकडच्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आई हसली, मीही हसले. तेवढ्यावर भागलं असतं, पण मामांना माझी परीक्षा घ्यायची होती.

"तुम्ही काय म्हणता याला, मॅडम?"

"स्ट्रॉंग टी."

"स्ट्रॉंग पैलवान असतो. चहा पॉवरफुलच," मामांनी निकाल दिला.

आईने डोळे वटारले, मी पोह्यांच्या बशा उचलायला लागले. मामांबरोबर थोडाच संसार करायचा होता? पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, राहवेना. कापसाच्या जिवावर त्यांनी मला शिकवलं होतं.

"मनी पोर हाईच शिकाडस," मी हेच शिकवते असं सांगून ते मुलाकडे वळले. "पाव्हना, तुम्हीच सांगा. खरं काय शे?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे.

"दोन्ही चालतं," तो म्हणाला.

पॉवरफुल टी म्हणणाऱ्या माणसाबरोबर मी सुखाने नांदले असते. रोज तसला चहा करून दिला असता. पण ज्याला ठाऊक आहे आणि तरी दोन्ही चालतं, त्याचं काय करायचं? पाहुणे गेल्यावर मी आईला नाही म्हणून सांगितलं. एका कपभर चहावरून स्थळ घालवलंस, म्हणून ती रडली.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. तुमचंच बरोबर होतं, असं लिहिलं होतं. जीव तुटला, खोटं कशाला सांगू.

"काय म्हनस?" आबांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

आबांनी मोबाइल माझ्या हातातून घेऊन पालथा ठेवला. मग म्हणाले, "मंग चार लोकेस्ना समोर का बरं नही बोलना?"