डावा हात

आमची मुलगी डावखुरी व्हावी अशी माझी फार इच्छा होती, आणि ती मी गमतीत सगळ्यांना सांगत सुटलो होतो. त्या गमतीच्या नादात तिचा उजवा हात काहीच करत नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

इच्छेमागे माझं लहानपण होतं. मी स्वतः जन्मतः डावरा. यवतमाळकडच्या आमच्या गावातल्या शाळेत गुरुजींनी पट्टीच्या जोरावर मला उजव्या हातानं लिहायला लावलं. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. त्याच गुरुजींनी पुढे माझे कॉलेजचे अर्ज स्वतः बसून भरून दिले. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. त्यांच्यामुळे मी शिकलो, पुण्यात आलो, कॉम्प्युटर कंपनीत लागलो आणि बिबवेवाडीत दोन खोल्यांचं घर घेऊ शकलो. पण आपल्या लेकरानं तरी हवा तो हात वापरावा, असं मनात राहून गेलं होतं.

त्यामुळे मुलगी पाचव्या महिन्यात डाव्या हातानं माझा चष्मा ओढू लागली तेव्हा मी हरखून गेलो. ऑफिसात पेढे तेवढे वाटायचे राहिले. खुळखुळा मी मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला धरायचो, दुधाची बाटली डाव्या हाताशी न्यायचो. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की मी हाच विषय काढायचो. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, उजव्या हातानं जगणाऱ्यांचं काही वाईट चाललंय का? आधी तिला बसू तर द्या!"

मी हसलो. मुलगी तेव्हा खरंच बसत नव्हती. बसवली की उजवीकडे कलंडायची.

बाळंतपणापासून माझी आई आमच्याकडेच होती. नातीला आंघोळ तीच घालायची. एका सकाळी तिनं मला मोरीपाशी बोलावलं.

"बाबू, पोरीची ही मूठ सुटत नाही रे. रोज मी एकेक बोट सोडवते, की पुन्हा मिटून घेते. आत दुधाचा वास मारतो."

मी पाहिलं. उजवी मूठ घट्ट होती, अंगठा आत दडलेला. डावा हात मात्र पाण्यावर फटाफट आपटत होता.

"आई," मी म्हणालो, "तुम्ही सगळ्यांनी मला उजव्यावर आणलंत तेवढं पुरे झालं. आता हिच्यामागे लागू नकोस."

मी थोडा चिडूनच बोललो. ती मुलीच्या डोक्यावर पाणी घालत राहिली. त्यानंतर ती मुठीबद्दल माझ्याशी कधी बोलली नाही. पण टॉवेलाचं टोक आत सरकवून ती रोज ती मूठ पुसते, हे मला दिसत होतं.

सातव्या महिन्यात उष्टावण झालं. मामानं खीर चाटवली आणि मग रीतीप्रमाणे मुलीपुढे वस्तू मांडल्या. वही, पेन, सोन्याची बांगडी, मातीचं ढेकूळ. त्यात मी ऑफिसातला एक जुना माउस वायर गुंडाळून ठेवला. तोही अगदी उजव्या टोकाला. मला सगळ्यांना दाखवायचं होतं.

मुलगी बायकोच्या मांडीत होती. तिनं माउसकडे पाहिलं. उजवा हात, माउसपासून वीतभर अंतरावर, छातीशी दुमडलेलाच राहिला. मग तिनं सगळं अंग पिळवटलं, डावा हात पोटावरून पलीकडे नेला आणि वायर पकडली.

"बघा!" मी ओरडलो. "मुद्दाम उजवीकडे ठेवला, तरी डाव्यानंच!"

"दाजी, नोकरी पक्की झाली हिची," मामा म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आई तेवढी उठून आत गेली. बायकोही हसत नव्हती. ती मुलीचा उजवा हात मनगटाला धरून सरळ करून बघत होती.

नवव्या महिन्यात गोवराची लस होती. डॉक्टरीणबाईंनी मुलीपुढे लाल ठोकळा धरला. मी तिथेही सुरू झालो, "मॅडम, आमची पक्की डावखुरी आहे हं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलीचा डावा हात हलकेच धरून ठेवला आणि ठोकळा उजवीकडे नेला. मुलगी रडायला लागली. उजवा हात हललाच नाही.

"असं कधीपासून आहे?"

"पाचव्या महिन्यापासून," मी म्हणालो. अजूनही माझ्या आवाजात थोडा अभिमान असावा.

"इतक्या लहानपणी मूल एक हात निवडत नाही. दोन्ही सारखे वापरतं. एकच वापरत असेल तर आम्ही दुसऱ्याची तपासणी करतो." मग बायकोकडे वळून त्या म्हणाल्या, "आधी कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

बायको मुलीचे डोळे पुसू लागली. तिनं माझं नाव घेतलं नाही, एवढी तिची भलाई.

तपासण्या झाल्या. जन्माच्या सुमारास मेंदूच्या एका भागाला इजा झाली होती. हात किती सुधारेल हे कुणीच सांगेना. जितक्या लवकर सुरुवात तितकं बरं, एवढंच सगळे म्हणत, आणि प्रत्येक वेळी मला मोरीपाशी बोलावणारी आई आठवे.

उपाय साधा होता. रोज अर्धा तास डाव्या हातावर जाड मोजा चढवून मनगटाशी बांधायचा, म्हणजे उजव्याला काम करावंच लागेल. आई म्हणाली, "माझ्यानं नाही होणार." बायकोनं मोजा माझ्या हातात दिला.

पहिल्या दिवशी मुलीनं मोज्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसली. तिला तो खेळ वाटला. मग खुळखुळा उचलता येईना तशी ती घाबरली. मोजा दातांनी ओढू लागली. शेवटी ओणवी होऊन तिनं खुळखुळा तोंडानं धरला. मी तो काढून पुन्हा तिच्या उजव्या मुठीपाशी ठेवला.

पाचव्या की सहाव्या दिवशी उजवं कोपर जरासं पुढे सरकलं. मूठ मिटलेलीच होती. खुळखुळ्याला लागली आणि तो लांब घरंगळला. मी आणून ठेवला. पुन्हा घरंगळला. मुलगी हुंदके देत होती, कपाळ घामानं भिजलं होतं.

बायको घड्याळाकडे बघून म्हणाली, "अहो, अर्धा तास झाला. काढा आता."

"अजून पाच मिनिटं," मी म्हणालो, आणि मोज्याची गाठ पुन्हा आवळली.