लाभ, दोन, तीन

आमच्या आबांचा जीव जात होता, तेव्हा मी वैरण वाटतोय असा अख्ख्या छावणीचा समज झाला. लोकांना दोष देता येत नाही. ऐकू तसंच येत होतं!

त्या दुष्काळात गावच्या सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली होती आणि कडब्याच्या पेंढ्या मोजून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मोजणं आमच्या घरात वडिलोपार्जित. माझे वडील, आबा, आडत बाजारात धान्य मोजणारे मापाडी होते. मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. ("एक म्हणलं की माप एकटं पडतंय," असं आबा सांगत. मी पहिलीत उजळणी 'लाभ'पासून सुरू केली, तेव्हा गुरुजींनी मला छडीचाही लाभ करून दिला!)

उन्हानं छावणीत माणसं कोसळू लागली, म्हणून सोसायटीनं अंबाजोगाईहून एक डॉक्टर बाई बोलावल्या. त्यांनी सोबत रबरी माणूस आणला होता, कमरेपर्यंतचाच.

"बाकीचा कुठं ऱ्हायला?" भानुदासनं विचारलं. हा माझा चुलतभाऊ. रांग कसलीही असो, मधूनच घुसणार.

"आपलं काम छातीपुरतं आहे," बाई म्हणाल्या. माणूस हाकेला ओ देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध तीस वेळा जोरात, भरभर दाबायचं. मग दोनदा तोंडानं श्वास द्यायचा. पुन्हा तीस. मोठ्यानं मोजायचं. दवाखान्याची मदत मिळेपर्यंत थांबायचं नाही. बरगडी मोडली तरी नाही.

माझी पाळी आली. "लाभ, दोन, तीन…"

"लाभ काय? एक म्हणा."

"म्हणतो." हात ठेवले. "लाभ, दोन…"

"एक!"

"हो, एक. लाभ, दोन…"

"बरं, काहीही म्हणा," बाई हताश होऊन म्हणाल्या, "पण दाबा!"

घरी मी सरकी पेंडीच्या पोत्यावर सराव सुरू केला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अवं, काय झालंय त्याला?"

"हृदय बंद पडलंय."

"मग उठलं की म्हणावं, चालत गोठ्यात जा."

आबा बाजेवरून ओरडले, "आरं, लाभ जोरात म्हण! मागच्याला ऐकू गेलं पाह्यजे. माप हाय का चोरी?"

पुढच्याच आठवड्यात दुपारी आबा नेहमीसारखे छावणीत कडब्याच्या गंजीला टेकून बसले होते. वैरणीची गाडी नुकतीच रिकामी झाली होती, वाटप संध्याकाळी होणार होतं. आबा म्हणाले, "लई घाम यायलाय बघ." आणि आडवे झाले.

"आबा! ओ आबा!" ओ नाही. छाती हलत नव्हती.

"कांदा फोडा!" कोणी म्हणालं. "पायताण हुंगवा!" दुसरा म्हणाला.

"जीप आणा!" मी ओरडलो आणि गुडघ्यांवर बसलो. आबांनी शिकवलं होतं तसाच, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा आवाज लागला. "लाभ! दोन! तीन!"

सावलीला पडलेला माळ उठून बसला. गंजीपाशी 'लाभ' म्हणजे वाटप सुरू! माणसं दोर घेऊन धावली. मागोमाग बैल आले. (लाभ त्यांनाही कळायचा.)

"सकाळपास्नं बसलोय, आदी माजा नंबर!"

"मधी कावून घुसायलास बे?"

मी सांगणार कसा? थांबायचं नव्हतं. दोन श्वास दिले. आबांच्या मिशीतला कडब्याचा भुगा माझ्या तोंडात आला. तो थुंकून पुन्हा "लाभ!" म्हटलं की गर्दी पुन्हा पुढं सरकायची. तिच्यामागं जीप नुसती हॉर्न वाजवत उभी.

सगळ्यांना ढकलून पहिला पुढं आला तो अर्थात भानुदास. "नाना, मला पंधरा पेंढ्या…" त्यानं खाली पाहिलं. हातातला दोर गळाला. मग तो वळला आणि दोन्ही हात पसरून ओरडला, "सरका! माप न्हाई हे, आमचा आबा हाय!"

वाट झाली. जीपमध्ये मी आणि भानुदास आळीपाळीनं दाबत राहिलो. घाटात माझ्या हाताखाली कट् झालं.

"नाना, मोडली."

"मोडू दे. लाभ, दोन…"

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, सगळं करून पाहिलं. माझं दाबणं चालूच होतं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता थांबा."

"अकराच राहिलेत," मी म्हणालो. "तीस भरू द्या."

त्यांनी भरू दिले.

"जीप लवकर निघाली असती तर?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. मला आकडा हवा होता. तो कुणाकडेच नव्हता.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. निम्मी छावणी आली होती, मान खाली घालून. मी वाकलो, पहिली अस्थी उचलली, आणि तोंडातून निघून गेलं, "लाभ."

माझ्यामागं उभा असलेला भानुदास सवयीनं दोन पावलं पुढं सरकला. मग तो थांबला. कुणीतरी फसकन हसलं. बहुतेक मीच.

एवढा मापाड्याचा मुलगा मी, पण त्यापुढं 'दोन' म्हणायला काही जमलं नाही.