माणसांच्या रांगेतली मी

नातीनं विज्ञानाचं नवं पुस्तक उघडलं. शाईचा तो कोरा वास आला आणि सोलापुरातल्या आमच्या शाळेतला तक्ता आठवला. माकडापासून माणसापर्यंतची रांग होती त्यावर. बहात्तरच्या दुष्काळात आईसोबत विड्या वळून वळून मला पोक आलं होतं. सरांनी मला त्या तक्त्याशेजारी उभं केलं.

"माकड आणि माणूस यांच्यामधला दुवा सापडत नाही म्हणतात. हा काय, सापडला की."

वर्ग खदखदून हसला.

घरी सांगितलं, तर तंबाखूच्या सुपावरची मान वर न करता आई म्हणाली, "मग ताठ बसायचं की."

त्या तक्त्याचं ऐकून नात सांगत होती, "आजी, अशी रांग नव्हतीच. झाडासारख्या फांद्या होत्या. ते चित्रच चुकीचं."

असेल बाई. पाठीमागं कुणी हसलं की मी अजून ताठ होते.