कोरड्या रबराची गाठ

बोरीच्या शिवारात हरभरा काढून झाला होता आणि सकाळी वारा अजिबात नव्हता. दाजींना, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, त्यांनी बनवलेलं छोटं विमान उडवायचं होतं. हलक्या काड्यांचा सांगाडा, वर पतंगाचा कागद, आत रबराच्या पट्टीचे वेढे. रबराला पीळ भरायचा. तो उलगडताना पुढचा पंखा फिरतो. इंजिन म्हणजे एवढंच.

पहिलं विमान आदल्या दिवशी जमिनीवरच फुटलं होतं. पीळ भरताना गाठ सुटली आणि रबराने आतून शेपटीपर्यंत सगळं फाडून काढलं. उरलं होतं ते हे दुसरं. दाजींची नजर मंदावली होती. बारीक काड्या आता जुळत नव्हत्या. तिसरं विमान होणार नव्हतं.

चूक शेतीच्या सवयीतली होती. चामड्याची वादी तेल पाजून मऊ केल्यावरच बांधायची, हे हातात बसलेलं. आदल्या दिवशी रबरालाही त्यांनी आधी एरंडेल चोळलं, मग गाठ मारली. आजही एरंडेलाची बाटली हातात होतीच.

"तेलात गाठ बसंल का?" बहीण म्हणाली. "अहो, ही काय बैलाची वादी हाय?"

"मग तूच बांध की, मोठी विमानवाली!"

"बांधते. तुमी ती बाटली लांब ठेवा."

तिने नव्या पट्टीची कोरडी टोकं थुंकीने ओली केली, दुहेरी गाठ मारली, ताणत ताणत आवळली. मगच तेल, आणि मग रबर विमानात.

मी विमान धरलं. दाजी रबर पुढून ओढत मागे सरकले आणि हँड ड्रिलने पीळ भरू लागले. रबरावर मुरड चढली, मुरडीवर दुसरी मुरड. ते माझ्या हातातून विमान खेचून घेऊ पाहत होतं. तो सगळा जोर दाण्याएवढ्या गाठीवर होता.

"पाव्हणं, घट्ट धरा!"

गाठ हलली नाही.

पंखा बसवून दाजींनी विमान सोडलं. आवाज जवळपास नव्हताच. कागदाची थरथर तेवढी. ते बांधावरून गेलं, वळलं, चढतच राहिलं. मूठभर रबरात इतकी उंची मावते, हे डोळ्यांनी पाहूनही पटत नव्हतं.

"कुठं हाय?" दाजींनी विचारलं. ते भलतीकडेच बघत होते.

बहिणीने त्यांना खांद्याला धरून वळवलं. "त्या बाभळीच्या वर. अजून चढायलंय."

"लय वर?"

"घारीच्याबी वर. आता बोलू नका. मला बघू द्या."