गुरुजींनी न दिलेले अकरा दिवस

शालिग्राम गुरुजींच्या शोकसभेत पाचवा वक्ता त्यांना 'देवमाणूस' म्हणाला, तेव्हा त्यांच्या लेकीच्या, वंदनाच्या, अंगाचा तिळपापड झाला. देव म्हणे! या देवानं पोटच्या पोरीला काय दिलं, ते विचारा की कुणीतरी.

सभा शाळेच्याच पटांगणात भरली होती, देऊळगाव राजाजवळच्या आडबाजूच्या एका खेड्यात. गुरुजींनी इथं एकतीस वर्षं काढली. दर शनिवारी पोरांची नखं स्वतः कापायची, जो दोन दिवस शाळेत दिसला नाही त्याच्या वावरात जाऊन त्याला सायकलच्या दांडीवर बसवून आणायचं. घरीही तोच जीव. सातवीपर्यंत वंदनाच्या वेण्या त्यांनीच घातल्या. तिची आई सत्यभामाबाई चिडवायच्या, "यायले बाईचा जन्म पाहिजे होता." हे सगळं वंदनाला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच जास्त चीड येत होती.

मग गजेंद्र उठला. गुरुजींचा विद्यार्थी, आता तालुक्यात मोठा साहेब.

"माही माय म्हणे, पोरगं पोळ्याच्या आसपास झालं, साल काही ध्यानात नाही. गुरुजीनं एक वर्ष कमी धरलं अन् लिहून टाकलं एक जून. त्या एका वर्षावर मी नोकरीत बसलो, बरं का."

लोक खळखळून हसले. हसणारच. अर्ध्या गावाची जन्मतारीख एक जून. शाळेत नाव घालायला आलेल्या आईबापांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी तीच एक तारीख सगळ्यांना देऊन मोकळे व्हायचे.

वंदनाची तारीख मात्र एकवीस मे. अगदी खरीखुरी. ग्रामसेवकाच्या भरतीसाठी तिनं पाच वर्षं जीव तोडून अभ्यास केला, आणि भरती निघाली तेव्हा एकतीस मेपर्यंत मोजलेलं तिचं वय मर्यादेच्या पुढं गेलेलं. एक जून लिहिली असती, नुसती अकरा दिवस पुढची, तर फॉर्म भरता आला असता. आज ती नांदुऱ्यात कापडाच्या दुकानात दिवसभर साड्यांच्या घड्या घालते.

त्यानंतरची चौदा वर्षं ती माहेरी गेली की पाणी पिऊन होत नाही तोच सुरू व्हायची, "गावच्या पोरायले वर्षं वाटली, बाबा, अन् माह्यासाठी अकरा दिवस नव्हते तुमच्यापाशी?" गुरुजी मान खाली घालून म्हणायचे, "चुकलं बाई." बस्स. खुलासा नाही, सफाई नाही. त्या मिळमिळीत उत्तरानं तिचं डोकं आणखी फिरायचं. शेवटी दवाखान्यात ते खाटेवर पडले होते, तेव्हाही तिनं ऐकवायचं सोडलं नाही.

लेक म्हणून दोन शब्द बोलायला वंदनाला पुढं बोलावलं. तिनं माईक घेतला.

"तुम्हाले सगळ्याले दिलं त्यायनं," ती म्हणाली. "मले नाही दिलं. कोनाले राग येऊ द्या नाहीतर लोभ, मी खोटं बोलणार नाही. माहा बाप माह्यापुरता कंजूस होता."

पहिल्या रांगेत बसलेल्या सत्यभामाबाई पदर सावरत उठल्या.

"त्यायनं तुह्या शाळेच्या फॉर्मवर एक जूनच लिहिली होती," त्या म्हणाल्या. "मीच बदलाले लावली. म्हटलं, एक जून अडाण्याच्या लेकरायले. मास्तराच्या पोरीले काऊन? मले तारीखच काय, वेळसुद्धा पाठ होती. दोन दिवस जेवली नाही मी, तवा कुठं ऐकलं त्यायनं."

वंदनाच्या हातातला माईक खाली आला. "मंग चौदा वर्षं काऊन गप्प राह्यली तू?"

"सांगाले निघाली होती. त्यायनंच शपथ घातली. म्हणे, माह्यावर रागावली त भांडाले तरी येते पोरगी. तुह्यावर रागावली त माहेरच सोडून देईल."

वंदनाला आईचा राग आला, पुढ्यात हार घालून बसवलेल्या त्या फोटोतल्या माणसाचा तर त्याहून जास्त आला. निदान दवाखान्यात तरी तोंड उघडायचं होतं. कुणी सांगितलं होतं इतकं सोसायला? कचकचून भांडायचं होतं तिला, आजवर भांडली नव्हती तसं, आणि तिचं भांडण मुकाट ऐकून घेणारा एकुलता एक माणूस गेला होता.